रिकाम्या जागेचा फोटो

इंदूरच्या एका वाचक भगिनींचं पत्र गेल्या महिन्यात आलं. सोबत दोन फोटो. त्यांची मुलगी आणि जावई ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला असतात. ते दोघं सुट्टीत गाडी घेऊन तिथल्या ‘आउटबॅक’मध्ये, म्हणजे देशाच्या पोटातल्या ओसाड मुलखात, आठ दिवस फिरून आले आणि त्यांनी कौतुकानं आईला फोटो पाठवले. बाईंनी लिहिलंय, ‘खाली तांबडा पट्टा, वर निळा पट्टा, मध्ये काही म्हणजे काही नाही. आम्ही दोघं मे महिन्यात तिकडे चाललो आहोत. जावईबापू त्याच रस्त्यानं आम्हाला नेणार म्हणतात. तिथे बघण्यासारखं खरंच काही आहे का? आणि असलं तर ते फोटोत का येत नाही?’

प्रश्न अगदी सरळ आहे आणि मला तो फार आवडला. कारण 2018 च्या जुलैमध्ये मी त्याच मुलखातून परत आलो तेव्हा माझ्याकडेही असे पट्ट्यापट्ट्यांचे शे-दीडशे फोटो होते. शेजाऱ्यांना दाखवायला बसलो तर चौथ्या फोटोनंतर त्यांनी चहाचा विषय काढला. तेव्हा या वेळचं सदर या बाईंसाठी. बाकीच्यांनी सोबत यायला हरकत नाही.

आधी अंतरांचा अंदाज द्यायला हवा, कारण नकाशा बघून तो येत नाही. अ‍ॅडलेडहून ‘उलुरू’ या प्रसिद्ध तांबड्या खडकापर्यंत गाडीनं सुमारे 1,600 किलोमीटर होतात. मुंबईहून दिल्लीला जाण्यापेक्षाही जास्त. फरक असा, की मुंबई-दिल्ली रस्त्यावर दर पाच मिनिटांनी गाव, ढाबा, देऊळ, निदान एखादी म्हैस लागते. इथे पोर्ट ऑगस्टा सोडलं की पेट्रोलपंप, खानावळ आणि चार खोल्या एकत्र असलेलं ‘रोडहाऊस’ येईपर्यंत शंभर-दोनशे किलोमीटर काहीही लागत नाही. तीन-तीन डबे जोडलेले पन्नास मीटरहून लांब मालट्रक, ज्यांना तिथे ‘रोड ट्रेन’ म्हणतात, ते अंगावर आल्यासारखे येतात, गाडी हलवून जातात, की परत शांतता. जुलै-मे हा तिकडचा थंडीचा काळ, म्हणून तोच बरा. दिवसा वीस-बावीस अंश, रात्री मात्र पार चार-पाचावर. डिसेंबर-जानेवारीत चाळीसच्या वर पारा जातो, तेव्हा कॅमेराच काय, माणूसही बाहेर काढू नये.

आता पट्ट्यांविषयी. आपला डोळा मोकळ्या माळावर उभा राहिला की नुसता बघत नाही. मान फिरते, वारा लागतो, कुठून तरी वाळक्या गवताचा वास येतो, आणि या सगळ्यातून मन ‘केवढं अफाट!’ असं ठरवतं. कॅमेऱ्याला मानही नाही आणि वाराही लागत नाही. त्याला दिसते ती क्षितिजाची एक रेघ. ती आपण नेमकी फोटोच्या मधोमध घेतो आणि वर-खाली रंग भरतो. झाला पट्टा! मी पहिले दोन दिवस उभ्यानं, छातीशी कॅमेरा धरून असे रंग भरत होतो. तिसऱ्या दिवशी बुटाची नाडी सुटली म्हणून खाली बसलो आणि समोर बघितलं, तर तो ओसाड माळ एकदम भरून गेला. स्पिनिफेक्स नावाचं एक काटेरी गवत तिथे गोल गोल पेंढ्यांसारखं वाढतं. त्याच्या प्रत्येक पेंढीमागे सावली होती. तांबड्या वाळूवर वाऱ्यानं काढलेल्या नक्षीवरून कसल्या तरी किड्याच्या पावलांची बारीक शिवण गेली होती. मी पोटावर झोपून फोटो काढला. सौभाग्यवतींनी पाठीमागून ‘शर्ट कोण धुणार?’ विचारलं. त्या फोटोत क्षितिज आहे, पण अगदी वरच्या कडेला, आणि ते खरंच लांब वाटतं. कारण जवळचं काहीतरी असल्याशिवाय लांबचं लांब दिसत नाही.

तेव्हा बाई, पहिली गोष्ट: जावईबापूंना गाडीतून उतरवा आणि खाली बसवा. गाडीच्या खिडकीतून काढलेला एकही फोटो मी ठेवलेला नाही.

दुसरी गोष्ट आपल्याकडच्या माणसाला हटकून फसवते. दक्षिण गोलार्धात सूर्य दुपारी उत्तरेला असतो. लहानपणापासून अंगात भिनलेला दिशांचा हिशोब तिथे उलटा होतो. थंडीच्या दिवसांत तो उगवतो ईशान्येला, उत्तरेकडून फिरतो आणि वायव्येला बुडतो. डोंगराची दक्षिणेकडची बाजू म्हणूनच दुपारभर अंधारी. ‘संध्याकाळी इथे छान ऊन येईल’ असा मी दोनदा अंदाज केला आणि दोन्ही वेळा माझ्या नाकासमोर सावली पसरली.

तिसरी फजिती सांगतो, कारण ती तुमची होऊ नये. हमरस्ता सोडून उलुरूच्या फाट्याला वळलं की पुढे सुमारे अडीचशे किलोमीटर जायचं असतं. निम्मं अंतर जायच्या आत डाव्या हाताला, माळाच्या पार टोकाला, एक प्रचंड तांबूस डोंगर उभा राहतो. आम्ही ओरडलोच. गाडी थांबवली. मी तिपाई लावली. बारा फोटो काढले, त्यातले चार आम्हा दोघांचे, मागे डोंगर. पुतण्या, जो अ‍ॅडलेडला असतो आणि आमचा सारथी होता, तो गाडीला टेकून शांतपणे सफरचंद खात होता. माझं सगळं आटोपल्यावर म्हणाला, ‘काका, हा माउंट कॉनर. उलुरू अजून तासाभरानं.’ सगळेच फसतात म्हणे. पण नंतर घरी नीट बघितलं तेव्हा वाटलं, आपण फसलो ते साहजिकच होतं. वरून कापल्यासारखा सपाट माथा, खाली उतरता पायथा. हा डोंगर आपल्या सह्याद्रीतल्या एखाद्या किल्ल्यासारखा दिसतो. ओळखीचा वाटला म्हणून तर इतके पटकन उतरलो!

आता खऱ्या अडचणीकडे येतो. ही अडचण कुठल्याही कॅमेऱ्याच्या पुस्तकात लिहिलेली मी पाहिली नाही. या मुलखात फोटो काढण्याजोगा उजेड दिवसातून दोनदाच असतो: सूर्य उगवताना अर्धा-पाऊण तास आणि मावळताना तेवढाच. मधल्या वेळात ऊन डोक्यावरून पडतं, सावल्या पुसल्या जातात, तांबडी माती फिकट विटकरी दिसते. आणि नेमक्या याच दोन वेळांना कांगारू चरायला बाहेर पडतात. तिन्हीसांजेला आणि अंधारात ते कधी रस्त्यावर उडी घेतील याचा नेम नाही. पूर्ण वाढलेला तांबडा कांगारू माणसाएवढा उंच असतो, शंभराच्या वेगात तो काचेवर आला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून तिथले लोक सूर्य मावळायच्या आत मुक्कामाला पोचतात आणि भाड्याच्या गाड्यांच्या करारात बऱ्याचदा गावाबाहेर रात्री गाडी चालवू नका अशी अटच असते. म्हणजे फोटोची वेळ आणि रस्त्यावर नसण्याची वेळ एकच! यावर उपाय एवढाच, की जिथला फोटो हवा तिथेच मुक्काम करायचा. आठ दिवसांत दहा ठिकाणं उरकणाऱ्यांना हे जमत नाही. बाईंनी पाठवलेल्या दोन्ही फोटोंत सावल्या अगदी पायाखाली आहेत. जावईबापू भर दुपारी बाराच्या सुमारास तिथून चालले होते, हे त्यांनी न सांगताही कळतं. त्यांना म्हणावं, तीन ठिकाणं कमी करा.

वाटेत कूबर पेडीला आम्ही एक रात्र राहिलो. हे ओपल नावाच्या रत्नाचं गाव. 1915 साली इथे ओपल सापडलं, तेव्हापासून माणसं जमीन उकरत आहेत. उन्हाळ्यापासून बचाव म्हणून कित्येकांची घरं जमिनीच्या पोटात कोरलेली आहेत, आत चर्चसुद्धा आहे. गावाबाहेर पांढुरक्या मातीचे हजारो ढीग आणि प्रत्येक ढिगाशेजारी एक उघडा खोल खड्डा. तिथे पाट्या लावल्यात, त्यांवर चित्र काढून बजावलंय: पळू नका, आणि मागे मागे चालू नका. मला ती पाटी खास आमच्या जातीसाठी लिहिल्यासारखी वाटली. ‘जरा मागे सरका, सगळे येत नाहीत फोटोत’ म्हणत स्वतःच मागे सरकणारे कमी आहेत का?

आणि मग उलुरू. सपाट माळावर 348 मीटर उंच आणि पायथ्याला नऊ किलोमीटरहून जास्त घेर असलेला एकसंध खडक. इंग्रज प्रवासी विल्यम गॉस 1873 साली इथे पोचला आणि त्यानं तिथल्या एका बड्या अधिकाऱ्याच्या नावावरून याला ‘एअर्स रॉक’ म्हटलं. पण जे अनंगू लोक पिढ्यानपिढ्या इथले, त्यांच्यासाठी तो उलुरूच होता. 26 ऑक्टोबर 1985 रोजी सरकारनं ही जमीन अनंगूंच्या नावे परत केली आणि त्यांनी ती 99 वर्षांच्या करारानं राष्ट्रीय उद्यानासाठी दिली. खडक मुळात करड्या रंगाचा आहे. त्यात लोह आहे, ते हवा-पाण्यानं गंजतं आणि वरची कातडी तांबडी होते. संध्याकाळचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येताना त्यातला निळा भाग विखरून जातो, तांबडा उरतो, आणि तो तांबडा या गंजलेल्या कातडीवर पडतो. मग काय होतं ते शब्दांत सांगायच्या भानगडीत मी पडत नाही.

फोटोचं मात्र सांगतो. कॅमेऱ्यात आणि फोनमध्येही रंग आपोआप ‘दुरुस्त’ करण्याची सोय असते. तिला एवढं तांबडं खरं वाटत नाही, म्हणून ती त्यात निळा मिसळून खडक तपकिरी करून टाकते. ती सोय बंद करून ‘सूर्यप्रकाश’ हे चिन्ह निवडायचं. आणि सूर्य बुडाला की लगेच गाड्या सुरू करू नका. आमच्या शेजारी रांगेनं उभ्या असलेल्या साठ-सत्तर गाड्या पाच मिनिटांत पांगल्या. आम्ही थांबलो, कारण पुतण्याच्या थर्मासमध्ये चहा शिल्लक होता. दहा मिनिटांनी विझलेल्या खडकावर आतून पेटल्यासारखी एक मंद जांभळट-तांबडी झाक आली आणि आभाळाच्या गुलाबी पट्ट्याखाली ती बराच वेळ राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायथ्याची प्रदक्षिणा होती. प्रदक्षिणाच म्हणतो, कारण दहा-साडेदहा किलोमीटरच्या त्या वाटेवर चालताना दुसरा शब्द सुचत नाही. तेव्हा खडकावर चढायची वाट अजून उघडी होती. अनंगू स्वतः चढत नाहीत, पाहुण्यांनी चढू नये अशी त्यांची जुनी विनंती होती, तशी पाटीही पायथ्याशी होती. आतापर्यंत पस्तीसहून जास्त माणसं त्या चढणीपायी दगावली आहेत, आणि आपल्या जागेवर पाहुण्याचा जीव जाणं त्यांना फार लागतं. वाट कायमची बंद करण्याचा निर्णय 2017 मध्ये झाला होता; त्यामुळे झालं असं, की ‘बंद व्हायच्या आत’ म्हणून उलट गर्दी वाढली. त्या सकाळी खडकाच्या अंगावर माणसांची मुंग्यांसारखी रांग होती.

आणि फोटोवाल्याच्या दृष्टीनं, खोटं कशाला बोलू, ती रांग उत्तम होती. इतका वेळ खडकाचा आकार फोटोत येत नव्हता. शेजारी मापाला काही नाही, तर तो तीनशे मीटरचा की तीस मीटरचा, कळणार कसं? त्या मुंग्यांनी एका क्षणात माप दिलं. मी दहा-पंधरा फोटो काढले. शेजारून जाणाऱ्या एका अनंगू बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या पुढे गेल्या. काही बोलल्या नाहीत. 26 ऑक्टोबर 2019 ला ती वाट बंद झाली. हजारो पावलांनी घासलेला पांढुरका पट्टा मात्र खडकावर राहिला आहे. तुम्हाला मे महिन्यात तो दिसेल. माझ्या त्या फोटोंना ‘फारच छान’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी ते हल्ली काढत नाही.

पुढे त्याच वाटेवर जे घडलं ते मात्र सांगायलाच हवं. खडकाला एका ठिकाणी खोल वळण होतं, आत पोकळी, आणि सकाळचं तिरपं ऊन त्या पोकळीच्या काठावरून आत ओघळत होतं. सगळ्या प्रवासात मला मिळालेला तो सर्वांत सुंदर प्रकाश. मी कॅमेरा उचलला आणि फोटो घेतला. सौ. माझ्यामागे वीस पावलांवर होत्या. त्या पोचल्या आणि म्हणाल्या, ‘अहो, ती पाटी नाही का वाचली?’

पाटी होती. ठळक होती. मी तिच्या शेजारून, वर बघत, गेलो होतो. लिहिलं होतं ते साधारण असं, की या ठिकाणचे खडकावरचे आकार आमच्यासाठी धर्मग्रंथासारखे आहेत. ते इथेच येऊन पाहावेत, त्यांचे फोटो काढू नयेत.

‘काढून झालाय आता,’ मी म्हणालो. ‘कुणाला कळणार आहे?’

‘आपल्या देवीच्या गाभाऱ्यात काढाल का असा?’

गाभाऱ्याचं नाव काढल्यावर मी गप्प बसलो, पण फोटो पुसला नाही. मनात म्हटलं, गाभाऱ्याला दार असतं, हा तर उघडा डोंगर आहे, हजार माणसं रोज बघून जातात. बघितलेलं चालतं आणि फोटो का चालत नाही? हा प्रश्न दिवसभर टोचत होता. दुपारी आम्ही तिथल्या सांस्कृतिक केंद्रात गेलो. 1995 साली सुरू झालेलं हे केंद्र खडकाजवळच आहे. तिथे मला उत्तर मिळालं. अनंगूंमध्ये काही ठिकाणं फक्त पुरुषांची असतात आणि काही फक्त बायकांची. पुरुषांच्या जागेकडे त्यांच्या बायका बघत नाहीत, बायकांच्या जागेकडे पुरुष बघत नाहीत. त्या जागेची कथा त्या त्या लोकांनी, त्या त्या जागी, योग्य वयात ऐकायची असते. जागा जागेवर असते तोवर हे पाळता येतं. तिथून जाताना नजर वळवता येते. पण फोटो झाला की ती जागा चालू लागते. ती पोस्टकार्डावर जाते, कॅलेंडरवर जाते, दुकानाच्या काचेत लागते, आणि आता तर हातातल्या फोनवर येते. जिनं ती कधी बघायची नाही अशा एखाद्या अनंगू मुलीसमोर ती न विचारता येऊन उभी राहते. मग त्या मुलीनं नजर कुठे वळवायची?

हे वाचून मी केंद्राबाहेर बाकावर बसलो आणि फोटो पुसला. हळहळ वाटली नाही असं नाही. ते ऊन अजून डोळ्यासमोर आहे.

बाईंना अगदी व्यवहाराचं सांगायचं तर, सगळ्या खडकाच्या फोटोला बंदी नाही. ठराविक भागांपुरती आहे, आणि पाट्या स्वच्छ आहेत. घरच्या आठवणीसाठी काढलेल्या फोटोंना काही लागत नाही. छापायचे, विकायचे असतील तर उद्यानाचा परवाना घ्यावा लागतो. मी तो घेतलेला नव्हता, म्हणून या मजकुराबरोबर उलुरूचा फोटो नाही. माणसांचे फोटो न विचारता काढू नका. तिथल्या अनेक आदिवासी समाजांत गेलेल्या माणसाचं नाव घेणं, चित्र पाहणं टाळतात, ऑस्ट्रेलियातल्या दूरदर्शनवर तशी सूचना कार्यक्रमाआधी देतात. आणि खडकाचा तुकडा आठवण म्हणून पिशवीत टाकू नका. तसे नेलेले दगड माफीची पत्रं जोडून टपालानं परत पाठवणारे पुष्कळ आहेत. जवळच ‘काटा जुटा’ नावाचा 36 घुमटांचा डोंगरसमूह आहे, नावाचा अर्थ ‘पुष्कळ डोकी’. तो मला उलुरूपेक्षाही आवडला, पण ते राहू दे.

परतीला आम्ही डांबरी रस्ता सोडून ऊडनाडाटाचा कच्चा रस्ता धरला. सुमारे सहाशे किलोमीटर तांबडी धूळ. यासाठी वेगळी, चारही चाकांना जोर असलेली गाडी आणि त्या रस्त्याची परवानगी असलेला भाडेकरार लागतो. पाऊस पडला की रस्ता बंद होतो आणि बंद रस्त्यावर गेलं तर दंड. धूळ इतकी बारीक, की मैद्यासारखी. मी कॅमेऱ्याची लेन्स गाडीत बसून, काचा वर करून, पंखा बंद करून बदलायचो, तरी आत गेलीच. लेन्सवर धूळ बसली तर पदरानं पुसू नका, ओरखडे उठतात. आधी रबरी फुग्यानं उडवायची. कॅमेरा एरवी स्वयंपाकघरातल्या घट्ट मिटणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत.

या रस्त्यावरून ‘एअर’ सरोवराचा दक्षिण भाग दिसतो. तिथल्या लोकांच्या भाषेतलं नाव काटी थांडा. समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पंधरा मीटर खाली असलेलं हे सरोवर बहुतेक वर्षं कोरडं, मिठाच्या पांढऱ्या पापुद्र्यानं झाकलेलं असतं. क्वीन्सलँडमध्ये दूरवर पूर आला, तरच आठवड्यांनी पाणी इथे पोचतं. आम्हाला मीठच मिळालं. संध्याकाळ होत होती, मुक्काम पुढेच, गाडी रस्त्याकडेला. पुतण्यानं स्टोव्ह पेटवला आणि मी ‘आलोच दोन मिनिटांत’ म्हणून, पुढ्यात घ्यायला एखादं झुडूप शोधत निघालो.

एक झुडूप बरं होतं. पुढचं जास्त बरं. त्याच्या पुढच्याची सावली चांगली. फोटो काढले, मागे वळलो, आणि गाडी नव्हती.

घाबरण्यासारखं काही नाही, असं स्वतःला सांगितलं. पण जमीन दिसते तशी सपाट नसते हे तेव्हा कळलं. दोन मीटरचा उतार पुरतो, अख्खी गाडी गडप होते. सगळी झुडपं सारखी, सगळ्या बाजूंना तांबडं. ‘ज्याचे फोटो पट्ट्यांसारखे येतात’ म्हणून हसत होतो, त्या पट्ट्यात मी उभा होतो. पाण्याची बाटली गाडीत, फोनला रेंज नाही. एका दिशेनं शंभर पावलं गेलो, मग वाटलं ही नव्हे, परत आलो, आणि परत आलो ते त्याच जागी की नाही तेही कळेना. सूर्य टेकला होता. थंडी पडायला लागली.

तेवढ्यात हॉर्न ऐकू आला. लांब, सलग, रागावलेला. चहा गार होत होता म्हणून सौ. हॉर्नवर हात ठेवून बसल्या होत्या! मी चाललो होतो त्याच्या जवळजवळ उलट दिशेला. तीनशे पावलांवर गाडी निघाली. मी काही बोललो नाही, पण चेहऱ्यावरून कळलं असावं. त्या दिवसापासून नियम झाला: मी गाडीपासून दूर गेलो की दर दहा मिनिटांनी हॉर्न, पाण्याची बाटली खांद्याला, आणि वळून वळून मागे बघत जायचं. बाई, तुम्हीही हाच नियम करा. आणि गाडीच बंद पडली तर पायी मदत शोधायला कुणालाही जाऊ देऊ नका. गाडी विमानातून दिसते, माणूस दिसत नाही. माणशी रोज पाच लिटर तरी पाणी, आणि त्याशिवाय जास्तीचं.

या रस्त्याच्या टोकाला मारी नावाचं लहानसं गाव आहे. गावात खजुराची झाडं बघून आम्ही चक्रावलो. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात खजूर कुठला? लावला उंटवाल्यांनी. सगळ्यांना ‘अफगाण’ म्हणत, पण त्यांत बलुची होते, पठाण होते, पंजाबी आणि सिंधी होते. 1860 साली बर्क आणि विल्स यांच्या प्रसिद्ध मोहिमेसाठी दोन डझन उंट आणि उंटवाले कराचीहून जहाजानं नेले. कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात होती! त्यानंतर पन्नास-साठ वर्षं या मुलखातलं पीठ, लोकर, तारेचे खांब, रेल्वेचे रूळ, सगळं उंटांच्या पाठीवरून गेलं. रेल्वे झाली, लॉऱ्या आल्या आणि उंट वाळवंटात सोडून दिले गेले. त्यांची वंशावळ अजून मोकाट फिरते. त्या रेल्वेला नाव मात्र पडलं ‘द घॅन’, अफगाणवरून. मारीच्या मधून तिचे रूळ जात. रुळांच्या एका बाजूला गोऱ्यांची वस्ती, दुसऱ्या बाजूला उंटवाले आणि आदिवासी. उंटवाल्यांची मातीची मशीद होती. आता तिची प्रतिकृती उभी केलेली आहे.

दुपारचे बारा होते, म्हणजे माझ्याच नियमाप्रमाणे फोटोसाठी वाईट वेळ. तरी मी त्या मशिदीचा फोटो काढला. चार कुडं, वर शाकारलेलं छप्पर, मागे तांबडा पट्टा आणि निळा पट्टा. रेघ पुन्हा मधोमध आली. घरी आल्यावर शेजारी तो फोटो हातात घेऊन बराच वेळ बसले, हे लोक तिथे कसे पोचले, जेवत काय, परत गेले की नाही, असं विचारत राहिले. चहाचा विषय मलाच काढावा लागला.

जाता जाता एक. मे महिन्याच्या तारखा ठरवताना अमावास्या बघा. गावाचे दिवे मागे टाकून, गाडीला धरूनच, रात्री वर पाहा. दक्षिणेकडे चार ताऱ्यांचा लहान क्रॉस दिसतो. त्याच्याजवळ आकाशगंगेत एक काळा डाग आहे. तिथले मूळ रहिवासी तारे जोडून आकृती करतात तशी ताऱ्यांमधल्या काळोखाचीही करतात: तो डाग म्हणजे एमू पक्ष्याचं डोकं, तिथून आकाशगंगेतली काळी रेघ मानेसारखी खाली येते आणि आपल्या वृश्चिक राशीच्या बाजूला अंग पसरतं. मी तिपाईवर कॅमेरा लावून वीस-वीस सेकंदांचे फोटो काढत होतो, पडद्यावर तारे मोजत होतो. सौ. शाल गुंडाळून टपावर बघत उभ्या होत्या. ‘अहो, तो बघा,’ त्या म्हणाल्या, ‘पाय पण आहेत त्याला.’ मला मान वर करून, डोळे अंधाराला सरावेपर्यंत, चांगली पाच मिनिटं लागली.